मेल येतात पण जात नाहीत: आउटबॉक्समध्ये अडकलेल्या मेलची तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

"दादा, मेल सगळे येताहेत, पण आपले जात नाहीत." छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळण्याच्या कामात हा फोन मला वारंवार येतो. तोवर समोरच्याने बहुतेकदा पासवर्ड दोन-तीनदा बदललेला असतो, पोर्टचे (म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या नंबरच्या दाराने जायचं त्याचे) आकडे उलटसुलट करून पाहिलेले असतात. एखाद्याने तर अकाउंटच काढून टाकलेलं असतं. मूळ बिघाड पाच मिनिटांचा, पण नंतरचे बदल निस्तरण्यात दुपार जाते. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितोय. उदाहरणं थंडरबर्ड आणि आउटलुकची आहेत. इतर प्रोग्रामांत बटणांच्या जागा वेगळ्या असतील, कारणं हीच.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- मेल आउटबॉक्समध्ये पडून राहतो, कसलाही संदेश येत नाही.
- "सर्व्हरशी जोडत आहे" अशी पट्टी मिनिटभर फिरते आणि मग "टाइम आउट" येतं.
- पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडते. पासवर्ड बरोबर टाकला तरी परत येते.
- ऑफिसातल्या ऑफिसात मेल जातो, बाहेरच्या पत्त्यावर जात नाही, आणि "रिलेइंग डिनाइड" असं काहीतरी लिहून येतं.
- ऑफिसात जातो, घरी नेलेल्या लॅपटॉपवरून जात नाही.
- साधा मेल जातो, स्कॅन जोडला की अडकतो.

संदेश आला असेल तर खिडकी बंद करण्याआधी मोबाइलने तिचा फोटो काढा. त्यात तीन आकडी क्रमांक असेल तर तो महत्त्वाचा. ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे "आत्ता नाही, थोड्या वेळाने बघा". ५ ने सुरू होणारा म्हणजे सर्व्हरने ठाम नकार दिलाय आणि तोच मेल दहादा पाठवून काही होणार नाही. क्रमांकच नसेल, नुसतं टाइम आउट असेल, तर बहुतेक वेळा सर्व्हरशी बोलणंच सुरू झालेलं नाही. ही सगळी तपासणी दोन प्रश्नांभोवती फिरते: आपण दारापर्यंत पोचतोय का, आणि पोचल्यावर आत घेतात का? टाइम आउट असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, क्रमांक असेल तर दुसऱ्याचं. टाइम आउट येत असताना पासवर्ड बदलत बसणं हा वाया गेलेला वेळ आहे.

"मेल येतोय म्हणजे पासवर्ड बरोबरच असणार" हा समज मी रोज ऐकतो. येणारा आणि जाणारा मेल यांच्या वाटा वेगळ्या, सर्व्हर वेगळे, आणि थंडरबर्डमध्ये तर पासवर्डही दोन ठिकाणी वेगवेगळे साठवलेले असतात. एक जुना राहिला आणि दुसरा नवा झाला, असं सहज होतं.

१. ब्राउझरमधून एक मेल पाठवून बघा

त्याच अकाउंटमध्ये ब्राउझरमधून लॉगिन करा आणि स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक ओळ पाठवा. तिथूनही गेला नाही, तर प्रोग्रामला हात लावूच नका, बिघाड अकाउंटमध्ये आहे. जीमेलची १५ जीबी जागा भरली की मेल येणं आणि जाणं दोन्ही थांबतं, आणि ती जागा फोटो आणि ड्राइव्हच्या फायलींसोबत वाटून घेतलेली असते. एका दिवसात ५०० पेक्षा जास्त जणांना पाठवलं तरी साधं जीमेल अकाउंट काही काळ पाठवणं बंद करतं. लग्नाची आमंत्रणं किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस पाठवताना हे होतं.

ब्राउझरमधून गेला, तर अकाउंट ठणठणीत आहे. पण एवढ्यावर "म्हणजे नेट पण बरोबर आहे" असं समजू नका. ब्राउझर ४४३ या पोर्टवरून जातो आणि मेलचा प्रोग्राम वेगळ्याच. एक वाट मोकळी असताना दुसरी बंद असू शकते.

२. आउटबॉक्स उघडून नीट बघा

प्रोग्राम ऑफलाइन तर नाही ना? थंडरबर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि आउटलुकच्या "सेंड/रिसीव्ह" टॅबमध्ये ते दिसतं. चुकून एक क्लिक पुरते.

जुन्या धाटणीच्या आउटलुकमधली एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. आउटबॉक्समध्ये जाण्यासाठी तयार असलेला मेल तिरक्या अक्षरांत दिसतो. तुम्ही तो "का गेला नाही" म्हणून उघडून बघितलात आणि बंद केलात, की अक्षरं सरळ होतात आणि तो रांगेतून बाहेर पडतो. मग तो कितीही वेळ तिथेच राहतो. उघडून पुन्हा "सेंड" दाबलं की जातो. काळजीपोटी दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघणारे लोक स्वतःच तो अडवून ठेवतात.

मोठी फाइल जोडलेला मेल रांगेत पुढे असेल तर त्याच्या मागचे मेलही खोळंबतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर अक्षरांत होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे डिस्कवर १८-१९ एमबी दिसणारी पीडीएफच मर्यादेला टेकते. संदेशात ५५२ असेल तर बहुधा हेच. तो मेल आउटबॉक्समधून ड्राफ्टमध्ये ओढा आणि बाकीचे जातात का बघा.

३. संगणकाची तारीख

हास्यास्पद वाटेल इतकी सोपी तपासणी आहे, पण वगळू नका. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतं वैध असतं. संगणकाचं घड्याळ काही वर्षं मागे गेलं की त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं दिसत नाही आणि तो जोडणी तोडतो. तारीख रोज सकाळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपलाय. नवा सेल चहाच्या दोन-चार कपांच्या पैशांत मिळतो. हीच समस्या दर आठवड्याला "आपोआप" परत येत असेल तर मी सर्वात आधी घड्याळाकडे बघतो.

४. मोबाइलचा हॉटस्पॉट

फुकटची ही एक तपासणी अर्धं कोडं सोडवते. संगणक ऑफिसच्या वायफायवरून किंवा केबलवरून काढा, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, आणि सेटिंग काहीही न बदलता तोच मेल पाठवा. गेला, तर दोष तुमच्या नेटवर्कवर आणि त्याला न जुळणाऱ्या सेटिंगवर आहे. नाही गेला, तर संगणक, प्रोग्राम किंवा अकाउंटकडे वळा.

एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जुनं कनेक्शन काढून नवं फायबर घेतलं, आणि दुसऱ्या सकाळपासून रिपोर्ट आउटबॉक्समध्ये साठायला लागले. काउंटरवरच्या ताईंचे सगळे पासवर्ड तपासून झाले होते. मी हॉटस्पॉट लावला आणि अडकलेले रिपोर्ट डोळ्यांदेखत एकेक करून निघून गेले. सेटिंग उघडलं तर पोर्ट २५, कुणीतरी पूर्वी कधी तरी भरलेला. जुन्या कनेक्शनवर तो चालत होता, नव्या कंपनीने तो बंद ठेवलेला होता.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज बांधता येईल. मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली आणि त्या मूळ पद्धतीत पासवर्ड विचारण्याची सोयच नव्हती. सर्व्हर एकमेकांशी २५ नंबरच्या पोर्टवर बोलायचे, आणि आजही बोलतात. पुढे व्हायरस लागलेले घरगुती संगणक मालकाच्या नकळत याच पोर्टवरून लाखोंनी स्पॅम टाकू लागले. म्हणून जगभरातल्या अनेक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांच्या बाजूने बाहेर जाणारा २५ बंद केला. तुम्हा-आम्हाला मेल सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळं पोर्ट १९९८ सालीच ठरवून दिलेलं आहे आणि तिथे ओळख पटवणं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे कंपनीला फोन करून "२५ उघडा" म्हणून भांडू नका. तो नियम योग्य आहे, आपलं सेटिंग जुनं आहे.

ऑफिसचा राउटर किंवा फायरवॉल कधी कधी ५८७ सुद्धा अडवतो. व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करूनही एकदा बघा.

५. सेटिंगमधल्या चार जागा

सर्व्हरचं नाव, पोर्ट, सुरक्षेचा प्रकार आणि ओळख पटवण्याची पद्धत. चारही एकमेकांशी जुळायला हव्यात. जीमेलसाठी सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. मग दोनच जोड्या बरोबर आहेत: ४६५ सोबत एसएसएल/टीएलएस (पहिल्या क्षणापासून कुलूपबंद बोलणं), किंवा ५८७ सोबत स्टार्टटीएलएस (आधी साधं बोलणं, मग कुलूप). दुसऱ्या बहुतेक मेल कंपन्यांच्याही याच जोड्या असतात.

या जोड्यांची अदलाबदल हा मला सर्वात जास्त सापडणारा दोष आहे. ४६५ वर सर्व्हर अपेक्षा करतो की आलेल्याने पहिल्या क्षणापासून कुलूपबंद भाषेत बोलावं. तुम्ही तिथे स्टार्टटीएलएस निवडलंत, तर तुमचा प्रोग्राम सर्व्हरच्या साध्या "नमस्कारा"ची वाट बघत थांबतो आणि सर्व्हर तुमच्या कुलूपबंद हाकेची. दोघंही गप्प. मिनिटभराने टाइम आउट येतं, आणि माणसाला वाटतं नेट गेलं. उलट बाजूने ५८७ वर एसएसएल/टीएलएस निवडलं, तर प्रोग्राम लगेच कुलपाची भाषा बोलतो, सर्व्हर साध्या भाषेत २२० म्हणून स्वागत करतो, आणि जोडणी क्षणात तुटते. म्हणजे मिनिटभर थांबून तुटलं की क्षणात तुटलं, एवढ्यावरून चूक कोणत्या बाजूची याचा अंदाज येतो.

सुरक्षेच्या जागी "नन" निवडून मेल गेला तरी तसं ठेवू नका. तुमचा पासवर्ड उघडा जाण्याची शक्यता असते, आणि रेल्वे स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर तो वाचणं अवघड नाही.

ओळख पटवण्याची जागा रिकामी असेल तर ५३० किंवा ५५० येतं. "रिलेइंग डिनाइड" म्हणजे सर्व्हर विचारतोय, "तुम्ही माझे कोण?" ऑफिसातल्या पत्त्यांवर मेल का जातो आणि बाहेर का नाही, याचं उत्तर यात आहे: स्वतःच्या घरची पत्रं तो कुणाकडूनही घेतो, पण दुसऱ्याच्या घरी पोचवायची असतील तर ओळख मागतो. आउटलुकमध्ये अकाउंटच्या "मोअर सेटिंग्ज"मध्ये "आउटगोइंग सर्व्हर" टॅबवर, आमच्या सर्व्हरला ओळख लागते अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावर खूण करा. युजरनेममध्ये पूर्ण पत्ता लिहा, नुसतं अ‍ॅटच्या आधीचं नाव नको.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी एक जागा मुद्दाम बघावी. अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत सर्वात खाली "आउटगोइंग सर्व्हर" ही वेगळी नोंद असते. ही यादी सगळ्या अकाउंटांची सामाईक आहे. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात नवीन पत्ता जोडला होता, पण त्याचे मेल जुन्या डोमेनच्या (पत्त्यातल्या अ‍ॅटच्या नंतरच्या नावाच्या) सर्व्हरमधून जायचा प्रयत्न करत होते, आणि ते डोमेन त्यांनी नूतनीकरण न करता सोडून दिलं होतं. नवीन अकाउंटच्या पानावर सगळं अचूक दिसत होतं. चूक होती ती त्याच पानाच्या तळाशी असलेल्या छोट्या यादीत: "आउटगोइंग सर्व्हर" म्हणून जुनं नाव निवडलेलं.

स्वतःच्या डोमेनचा मेल होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) असेल आणि प्रमाणपत्राचं नाव जुळत नाही असा इशारा येत असेल, तर डोळे मिटून "स्वीकारा" दाबू नका. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरचं जे नाव दिलेलं असतं, तेच भरा. इशारा बहुतेकदा जातो.

६. पासवर्ड, म्हणजे खरं तर पासवर्डचा प्रकार

क्रमांक ५३५ किंवा ५३४ असेल तर दारापर्यंत पोचलात, आत घेतलं नाही. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक अकाउंटांसाठी नेहमीचा पासवर्ड वापरून बाहेरच्या प्रोग्रामना आत घेणं बंद केलं. आता दोनच मार्ग: प्रोग्रामला जमत असेल तर ओऑथ२, ज्यात गुगलचीच खिडकी उघडून परवानगी विचारली जाते. नाहीतर १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड, जो दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्यावरच काढता येतो. चार-चार अक्षरांच्या गटांमधली मोकळी जागा टाकली नाही तरी चालते.

आणि दर काही महिन्यांनी परत येणाऱ्या बिघाडाचं मूळ इथे आहे. गुगल अकाउंटचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. मालक सुरक्षेसाठी घरी मोबाइलवर पासवर्ड बदलतात, आणि ऑफिसातलं आउटलुक, शिवाय स्कॅन थेट मेल करणारं झेरॉक्सचं मशीन, दोन्ही गप्प होतात. तेव्हा नवा अ‍ॅप पासवर्ड काढा आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी भरा. मी मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतो: कोणतं अकाउंट, कोणतं पोर्ट, आणि "मुख्य पासवर्ड बदलला तर इथेही बदला". पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहीत नाही.

आउटलुक.कॉम आणि हॉटमेलच्या वैयक्तिक अकाउंटांना १६ सप्टेंबर २०२४ पासून साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्राममधून जोडता येत नाही. तिथे ओऑथ२ लागतंच. थंडरबर्डमध्ये ओऑथ२ निवडूनही परवानगीची खिडकी कोरी राहत असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज चालू आहेत का बघा. बंद असतील तर परवानगी टिकत नाही.

सेटिंग बदलल्यावरही जुनाच पासवर्ड जात असेल, तर थंडरबर्डच्या "सेव्ह्ड पासवर्ड्स"मधून एसएमटीपीने सुरू होणारी नोंद तेवढी काढा. पुढच्या वेळी तो नव्याने विचारेल.

७. अँटिव्हायरस आणि जुनी विंडोज

काही अँटिव्हायरस जाणारा मेल मध्येच उघडून तपासतात आणि सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या जागी स्वतःचं लावतात. थंडरबर्ड ते नाकारू शकतो. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका. फक्त मेल तपासणारा भाग पाच मिनिटं बंद करा, एक मेल पाठवा, निकाल काही असो, लगेच चालू करा. दोष तिथेच सापडला तर त्या भागात मेल प्रोग्रामला सूट देण्याची सोय शोधा.

विंडोज ७ वर आउटलुक २०१० अजून चालवणारी ऑफिसं मला भेटतात. कुलूपबंद बोलण्याच्या टीएलएस पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये औपचारिकरीत्या निवृत्त झाल्या. अनेक सर्व्हर आता १.२ च्या खाली बोलत नाहीत, आणि विंडोज ७ मध्ये १.२ असलं तरी मूळ अवस्थेत चालू नसतं. ते चालू करण्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) हात घालावा लागतो, आणि त्या विंडोजचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. माझं मत स्पष्ट आहे: तिथे मेलची दुरुस्ती करण्यात पैसे घालू नका, संगणक बदलण्यासाठी ठेवा.

८. पोर्ट स्वतः तपासा

हे थोडं तांत्रिक आहे, पण दहा सेकंदांचं. स्टार्ट मेन्यूमधून पॉवरशेल उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टेस्ट-नेटकनेक्शन, मोकळी जागा, सर्व्हरचं नाव, मोकळी जागा, -पोर्ट, मोकळी जागा, ५८७ असं टाइप करा. शेवटच्या ओळीत "ट्रू" आलं तर दार उघडं आहे. "फॉल्स" आलं तर ४६५ ने पुन्हा बघा, मग हॉटस्पॉटवर पुन्हा. ऑफिसच्या नेटवर दोन्ही "फॉल्स" आणि हॉटस्पॉटवर दोन्ही "ट्रू" असतील, तर अडथळा राउटर, फायरवॉल किंवा इंटरनेट कंपनीकडे आहे. तक्रार नोंदवताना नुसतं "मेल जात नाही" न सांगता हा निकाल वाचून दाखवा. दोन फोन वाचतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तुम्ही न पाठवलेल्या मेलचे "पोचला नाही" असे निरोप ढिगाने येत असतील, तर अकाउंट किंवा संगणक दुसऱ्याच्या हातात गेला असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, संशयित संगणकाची केबल काढा. पुढचं काम व्यावसायिकाचं.

नकारात "ब्लॉक लिस्ट", स्पॅमहाउस (स्पॅम टाकणाऱ्यांच्या याद्या ठेवणारी संस्था), एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) असे शब्द असतील तर दोष डोमेनच्या नोंदींत किंवा सर्व्हरच्या नावलौकिकात आहे. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या नोंदींबाबत नियम कडक केले. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या या नोंदी जिथे असतात तिथे, एक चुकीची ओळ टाकली तर सगळ्या ऑफिसचा मेल बंद पडू शकतो, म्हणून ते होस्टिंगवाल्याला किंवा डोमेन सांभाळणाऱ्यालाच करू द्या.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या कंपनीत ५३५ सोबत ५.७.१३९ आणि एसएमटीपीने ओळख पटवणं बंद आहे अशा अर्थाचं वाक्य आलं, तर तो निर्णय ॲडमिनच्या हातात आहे. तुमच्या टेबलावरून काहीच होणार नाही.

अकाउंट काढून पुन्हा जोडायचा विचार असेल आणि ते पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या) प्रकारचं असेल, तर अजिबात पुढे जाऊ नका. पॉपमध्ये जुने मेल बहुधा फक्त त्याच संगणकावर असतात. आधी मेल जिच्यात साठतात ती आउटलुकची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचं पूर्ण प्रोफाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडतंय याची खात्री करा. हे जमत नसेल तर तंत्रज्ञाची फी द्या. गेलेले मेल परत मिळवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

दुरुस्ती जमली असं वाटलं, की "सेंड" दाबण्याआधी आउटबॉक्समधला प्रत्येक मेल एकदा वाचा. वाट मोकळी झाली की अडकलेले सगळे एकदम निघतात, त्यात चार दिवसांपूर्वीचं जुनं कोटेशन असतं, आणि फोनवर कळवून झालेली मीटिंगची वेळही. शिळे मेल ड्राफ्टमध्ये हलवा, एक चाचणीचा मेल स्वतःला पाठवा, तो आला की मग बाकीचे सोडा (जुन्या आउटलुकमध्ये उघडून वाचलेल्यांना पुन्हा "सेंड" दाबा).